भावाच्या बांधावरचं ऊन

मित्रांनो, उमेळ्याच्या या वाडीत आलात तर वाळलेल्या झुडपांमधून सरळ विहिरीपाशी या. लोखंडी मांडवावर काळ्या काचेच्या पाट्या दिसतात ना? तो मी. माझी मोटार खाली विहिरीत आहे. लोक मला जुना सौर पंप म्हणतात. अहो, नऊच वर्षं झाली मला! पण ज्याला काम उरलं नाही, तो जुनाच.

माझ्याआधी इथे डिझेलचं इंजिन होतं. काय तोरा त्याचा! सुरू झालं की सगळी वाडी हादरवायचं आणि भसाभसा काळा धूर ओकायचं. वाडीचे मालक प्लासिडकाका. त्यांची बायको सेलिनकाकी, आणि काकींना दमा. वाडीत कागडा, म्हणजे थंडीत फुलणारा मोगऱ्याच्या जातीचा, लावलेला. त्या पदर नाकाला लावून कळ्या खुडायच्या आणि खोकून खोकून बांधावर बसायच्या. शेवटी डॉक्टरांनी बजावलं, "एक तर धूर बंद करा, नाहीतर वाडी." विजेची तार आत वाडीपर्यंत कधी आलीच नाही. म्हणून मला आणलं.

मला बसवायला संकेत नावाचा कारागीर आला होता. तो म्हणाला, "काका, उत्तरेच्या टोकाला बसवू या. दक्षिणेला पुढेमागे काही उभं राहिलं तर तुमचं ऊन जाईल."

काका हसले. "दक्षिणेला माझ्या धाकट्या भावाची वाडी आहे. एडवर्ड काय माझं ऊन अडवणार? बसव तू बांधाला लागून."

आमच्याकडे वाड्यांचे असेच लांब पट्टे असतात. बापाची एक वाडी, भावांचे दोन हिस्से, मध्ये एक बांध. तिथे कागद होत नाहीत, शब्द चालतो. काकांनी ऊनही त्या शब्दावरच ठेवलं.

फादरांनी येऊन माझ्यावर पवित्र पाणी शिंपडलं आणि मी कामाला लागलो. ना धूर, ना धडधड. ऊन चढलं की पाटात पाणी झुळझुळायचं. काकी ओल्या फडक्याने माझ्या काचा पुसायच्या आणि म्हणायच्या, "गुणाचा गं बाई माझा!" त्यांचा खोकला कमी झाला. त्या कळ्या खुडताना गाणं म्हणू लागल्या, सुरात नसलं तरी मोठ्याने. तेवढं सुख मला पुरेसं होतं.

पुढे एडवर्डकाकांची मुलं माणिकपूरला राहायला गेली. वाडी करणार कोण? त्यांनी ती विकली. तिथे उंच इमारत उभी राहिली. फाटकावर पाटी लागली, 'पर्यावरणस्नेही वसाहत'. वर गच्चीवर माझ्याच जातीच्या नव्याकोऱ्या पाट्या, दिवसभर उन्हात चमचमणाऱ्या. खाली मी. दिवाळी झाली की सूर्य दक्षिणेला झुकतो आणि त्या इमारतीची सावली थेट माझ्या अंगावर पडते, ती होळीपर्यंत हलत नाही. कागड्याचा हंगाम नेमका तेव्हाच असतो. मला उत्तरेला हलवावं, तर वाडीचं ते टोक इमारतीकडे येणाऱ्या नव्या रस्त्यात गेलं होतं.

एडवर्डकाका त्याच इमारतीत चौथ्या मजल्यावर राहायला आले. एक दिवस खाली येऊन माझ्यापाशी उभे राहिले. "दादा, सावलीचं माझ्या ध्यानातच आलं नाही रे," म्हणाले आणि रडू लागले.

"माझ्या तरी कुठे आलं होतं?" काकांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. भांडण झालं असतं तर बरं वाटलं असतं मला.

झुडपं माना टाकू लागली, तेव्हा काकांनी खोपटातून ते जुनं इंजिन बाहेर ओढलं. पाटात पाणी आलं. वाडी जगणार, असं मलाही वाटलं. तेवढ्यात काकींनी छाती धरली. त्या मटकन खाली बसल्या, श्वासासाठी तोंड उघडू लागल्या. काकांनी धावत जाऊन इंजिन बंद केलं. बऱ्याच वेळाने काकींना बोलता आलं. "चालव तू. मी घरात बसते दार लावून. एवढ्या वर्षांचा कागडा मरेल रे."

"मरू दे," काका म्हणाले. "कागडा परत लावता येतो गं. तुला कुठून लावू?"

त्यांनी ते इंजिन भंगारात दिलं. झुडपं माझ्या डोळ्यांदेखत वाळली, आणि विहिरीत पाणी काठोकाठ होतं. मला ओरडावंसं वाटत होतं, पण मला आवाजच नाही. त्याचंच तर कौतुक होतं ना माझं!

मित्रांनो, धूर सोडून उन्हाकडे वळा, जरूर वळा. गच्चीवर पाट्या बसवा. पण त्याआधी एकदा कठड्यावरून खाली वाकून बघा, आपली सावली कुणाच्या वाडीत पडते आहे. खालच्याचं ऊन हिरावून वरच्याने उजेड केला, तर तो कसला स्वच्छ?

काल भंगारवाला पुन्हा आला होता. माझ्या काचांवर बोट वाजवून त्याने विचारलं, "हा पण बिघडलाय का?" काका वर इमारतीकडे बघत राहिले. मग मीच सांगतो, तुम्ही तरी ऐका. मी बिघडलेलो नाही हो. मला फक्त ऊन हवंय.