उजळ चित्र

डबा रिकामा परत आला तेव्हा प्रमिला देवतळेच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बरखेड्याच्या कारखान्याच्या क्वार्टरांत मराठी घरांची एक रीत होती. शेजारणीचा डबा रिकामा पाठवायचा नाही, काही नसेल तर चिमूटभर साखर तरी घालायची. बावीस वर्षं शेजारच्या शशिकलाने ती पाळली होती. आज तिने गोळाभाताचा डबा घासूनपुसून, कोरडा ठणठणीत करून कठड्यावर ठेवला आणि घंटीसुद्धा न वाजवता निघून गेली.

राग शशिकलाचा नव्हता. शशिकलाचं बरोबर होतं, आणि म्हणूनच तो आवरत नव्हता.

प्रमिला कारखान्याच्या फोटो विभागात व्हिडिओ काढायची आणि शशिकलाचा नवरा शंकर तीन नंबरच्या शेडमध्ये क्रेन चालवायचा. दीड महिन्यापूर्वी, दिल्लीला पाठवायच्या फिल्मसाठी ती त्याच शेडमध्ये शूटिंग करत होती. मध्येच वीज गेली आणि मिनिटभरात आली. क्रेनला लगेच आली. छताचे मोठे दिवे मात्र एकदा विझले की गार होऊन पुन्हा पेटायला पंधरा मिनिटं घेतात, हे तिथल्या चहावाल्यालाही ठाऊक. वरच्या काचांवर तीस वर्षांची काजळी, तेव्हा दिवसाही बाहेरचा उजेड आत येतो म्हणायचं ते उपचारापुरतं. दिवे पुरते पेटेपर्यंत क्रेन हलवायची नाही, असा नियम भिंतीवर हातभर अक्षरांत रंगवलेला होता.

शेडचे प्रमुख दत्तात्रय सबनीस त्या नियमाखालीच उभे राहून घड्याळ बघत होते. "चालवा हो," ते म्हणाले. "फिल्म आज जायची आहे."

शंकरने चालवली. खाली ओझं बांधणारा बाळू डाव्या हाताने तारेचा दोर सारखा करत होता. दोर अडकला तसा त्याने क्रेन थांबवण्यासाठी उजवा हात वर केला. तीस फुटांवरच्या केबिनमधून शंकरला तो हात दिसलाच नाही. दोर ताणला गेला आणि बाळूच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली.

आता सबनीस म्हणत होते की दिवे चालू होते, शंकरचं लक्ष नव्हतं. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. आणि त्यांचा पुरावा होता प्रमिलाचा व्हिडिओ. चौकशीच्या सीडीत शेड लख्ख दिसत होती आणि बाळूचा वर केलेला हात लग्नाच्या अल्बमातल्यासारखा स्वच्छ. हॉस्पिटलात बाळूला तीच सीडी दाखवली गेली, वरूनही हात असाच दिसला असणार असं त्याने धरलं, आणि तेव्हापासून तो शंकरशी बोलत नव्हता.

हा उजेड आला कुठून? प्रमिलाच्या बोटांतून आला. विभागप्रमुख अशोकने पंधरा वर्षं तिच्या डोक्यात एकच गोष्ट भरली होती, की काळं चित्र साहेबांना चालत नाही. म्हणून दिवे जाताच तिचा हात आपसूक गेनच्या बटणावर गेला. गेन वाढवला की कॅमेरा मिळेल तेवढा उजेड स्वतःच्या जोरावर फुगवतो. खोलीत नसलेला उजेड चित्रात येतो, चित्र फक्त जरा रवाळ होतं. वरणात मीठ टाकावं इतक्या सहज तिने ते केलं होतं.

पहिल्या सुनावणीत चौकशी अधिकारी गोपीनाथ कानडे यांनी दोनच प्रश्न विचारले. शूटिंग तुमचं का? हो. नंतर त्यात काही फेरफार? नाही. तिने सही केली, आणि खोटं सांगायचं तर चित्र इतकं छान आल्याचा किंचित अभिमानही वाटला नाही असं म्हणता येईल. खरं म्हणजे वाटला होता. उजेड होता का, हे कोणी विचारलं नाही, आणि न विचारता साहेब लोकांपुढे तोंड उघडायची तिला सवय नव्हती. बाहेर व्हरांड्यात शंकर एवढंच म्हणाला होता, "बाई, अंधार होता न?" ती खाली मान घालून जिना उतरली होती.

सोमवारी शेवटची सुनावणी होती. त्यानंतर शंकरची नोकरी जाणार, आणि नोकरीबरोबर क्वार्टरही.

रिकामा डबा ओट्यावर आदळून ती तशीच विभागात गेली. सीडीत नुसतं चित्र उतरतं. पण मूळ टेपवर कॅमेरा प्रत्येक चित्राबरोबर आपली कुंडलीही लिहून ठेवतो. भिंग किती उघडं होतं, गेन किती होता, किती वाजले होते. रिमोटवरचं एक बटण दाबलं की हे आकडे पडद्याच्या कोपऱ्यात उमटतात. अशोकच्या मते ते बटण बिनकामाचं होतं.

टेप सापडली ती पंधरा ऑगस्टच्या परेडसाठी काढून ठेवलेल्या गठ्ठ्यात. विभागाची काटकसर अशी की जुनी टेप पुसून त्यावरच नवं शूटिंग करायचं. आणखी चार दिवसांनी शंकरच्या आयुष्यावरून सुरक्षा दलाचं संचलन गेलं असतं.

तिने टेप लावली, बटण दाबलं. वीज जाण्याआधी भिंग अर्धवट उघडं, एफ चार, गेन शून्य. अकरा बेचाळीसला वीज गेली. पुढे भिंग सताड उघडं, एफ एक पूर्णांक सहा, आणि गेन अठरा, म्हणजे होता नव्हता तेवढा सगळा. अकरा सेहेचाळीसला बाळूचा हात वर होतो तेव्हाही अठराच. बारा वाजता, दिवे पेटल्यावर, पुन्हा शून्य. प्रमिलाने टेबलावर मूठ आपटली. दीड महिना हे आकडे इथे पडून होते, आणि ती रोज शेजारच्या टेबलावर चहा पीत होती.

अशोकने तिला समजावून पाहिलं. चित्र आपणच उजळ केलं असं कबूल करणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण, तो म्हणाला, उद्या तुझ्यावरच कागद निघेल. प्रमिला म्हणाली, निघू दे.

सोमवारी ती कॅमेरा, टेप आणि रिमोट घेऊन न बोलावता सुनावणीला गेली. शंकर कोपऱ्यातल्या खुर्चीत बसला होता, बाळू साक्षीदार म्हणून दाराशी. सबनीसांनी आकडे बघितले आणि हसले.

"म्हणजे चित्र तुम्हीच उजळ केलंत. ही तर छेडछाड झाली, बाई."

"मीच केलं," प्रमिला म्हणाली. "पंधरा वर्षं तुम्हा लोकांना उजळ बघायची हौस, म्हणून केलं. तुमच्या शेडमध्ये अंधार होता. तुम्हीच क्रेन चालवायला लावली, मी कॅमेरा धरून तिथं उभी होते. हे मी लिहून देते, माझ्यावर काय करायचं ते करा."

तिने तिथेच कागद ओढून लिहिलं आणि सही केली. कानडे साहेब मितभाषी, काटेकोर माणूस. ते म्हणाले, आकड्यांतलं मला कळत नाही, मला शेड दाखवा.

जेवणाच्या सुट्टीत शेड रिकामी झाली तेव्हा शंकरसकट सगळे तिथे गेले. दिवे घालवले, क्षणाने पुन्हा लावले, आणि ते नेहमीसारखे पेटायला तयार होईनात. प्रमिलाने कॅमेरा टेपमधल्याच आकड्यांवर ठेवला. कानडे साहेबांनी सबनीसांना केबिनमध्ये पाठवलं होतं आणि बाळूला त्याच जागी उभं केलं होतं. मग ते बाळूच्या कानाशी काहीतरी पुटपुटले. बाळूने हात वर केला.

"सबनीस, तो किती बोटं दाखवतोय?" त्यांनी खालून विचारलं.

वर केबिनची काच सरकली.

"पाच."

कानडे साहेब कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्याकडे बघत होते. त्यात शेड लख्ख होती. "नीट बघून सांगा," ते म्हणाले.

"पाच. अगदी स्पष्ट दिसताहेत."

बाळूने तो डावा हात खाली घेतला नाही. पडद्यावर त्याचा अंगठा आणि दोन बोटं, मध्ये तुटलेली जागा, सगळं दिसत होतं.

"तीनच हायेत, साहेब," तो वर तोंड करून म्हणाला. "दोन याच उजेडात गेली."

मग त्याने अंधारातच शंकर कुठे उभा आहे ते शोधलं आणि त्याच्या शेजारी जाऊन उभा राहिला. प्रमिलाला ओक्साबोक्शी रडावंसं वाटत होतं आणि कुणाच्या तरी थोबाडीतही मारावीशी वाटत होती, पण हातात कॅमेरा होता.

वरून शिडीवर बूट वाजले. सबनीस उतरायला निघाले होते.

"तिथेच थांबा," कानडे साहेब म्हणाले. "दिवे पुरते पेटेपर्यंत कोणी हलायचं नाही. भिंतीवर लिहिलंय."

सबनीस केबिनमध्ये परत गेले. प्रमिलाने शूटिंग चालूच ठेवलं, आणि दिवे पेटायला त्या दिवशीही पंधरा मिनिटं लागली.