हरकतीचा खर्च

शहापूर-मुरबाडच्या ठेकेदारांचा रिवाज असा, की टेंडर उघडायच्या आधी चहावर बसून पाळी ठरवायची. ज्याची पाळी त्याने काम घ्यायचं, बाकीच्यांनी नावापुरते चढे दर भरायचे. वैशाखऱ्याजवळच्या ओढ्यावर साकव बांधायचं काम निघालं, तेव्हा पाळी खर्डीच्या सावळारामची होती. ओढ्यापलीकडच्या पाड्यात त्याची धाकटी बहीण हौसा दिलेली. तिची लेक भाविका यंदा मुरबाडला कॉलेजात जायची होती, आणि ओढा भरला की पाड्याची वाटच तुटते. "साकव मीच बांधतो," असा शब्द त्याने बहिणीला देऊन टाकला होता.

पण ऐन वेळी त्याच्या जुन्या भागीदाराने, भगीरथाने, कमी दर भरून काम घेतलं.

"माज्या गावचा ओढा हाय, सावळारामा. तिथं पाळी कसली?" एवढंच तो म्हणाला.

सावळारामने डोक्यात राख घालून घेतली. पाळी मोडली म्हणून सरकारात रडायची सोय नव्हती; चोरांच्या वाटणीची फिर्याद कोण चौकीवर नेतो? म्हणून त्याने हरकत घेतली, की भगीरथाचा अनुभवाचा दाखला खोटा आहे. दाखला होता कसाऱ्याकडच्या साकवाचा. तो या दोघांनीच बांधला होता, कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून, एका डब्यातली भाकरी मोडून खात. रागाच्या भरात शहाण्याने आपलेच हात खोटे ठरवले.

सुनावणी लांबत गेली. अखेर साहेबांनी हरकत फेटाळली, आणि टेंडरातल्या अटीप्रमाणे चौकशीचा सगळा खर्च सावळारामच्या अनामतीतून कापला. उलट त्याला हायसं वाटलं. केलं ते फेडलं, अशी त्याने मनाची समजूत घातली. पण तोवर पावसाळा तोंडावर आला होता, पाया खणायचे दिवस निघून गेले होते. साकव पुढच्या सालावर गेला.

श्रावणात तो रानातून लांबचा वळसा घालून हौसाकडे गेला. भाविका चुलीपाशी बसली होती. मामाला बघून नेहमीसारखी धावत आली नाही.

"कॉलेज सोडलान तिनं," हौसा ताट वाढत म्हणाली. "रोज त्या पान्यातून पोरीला धाडू कशी? तिच्या बापानं आता स्थळ बघायला घेतलाय."

सावळारामने हातातला घास परत ताटात ठेवला.

"कोन मुडदा आडवा आला रे साकवाला? भगीरथाला किती विचारला, पन नाव सांगत नाय. म्हनतो, जाऊ दे वयनी, मानूस वाईट नाय." ती त्याच्यासमोर येऊन बसली. "दादा, तू ठेकेदारांत बसतोस. तू तरी नाव काढ."

सावळारामने मान वर केली नाही.

"काढतो," तो म्हणाला.

हौसाचा चेहरा निवळला. तिने त्याच्या ताटात आणखी भात वाढला.