खिडकीच्या फटीतली वायर

मित्रांनो, मी एक जुनी वायर आहे. जुनी म्हणजे फार नाही, सहा वर्षांची. तुमच्यात सहाव्या वर्षी पहिलीत घालतात, आमच्यात भंगारात. मी अजून गेले नाही, कारण मला काढायला कुणाला सवड नाही.

मी इंटरनेटची वायर. माझ्या पोटात केसाएवढा बारीक काचेचा धागा आहे आणि त्यातून उजेड धावतो. तुमची कार्टून, तुमचे खेळ, तुमच्या मावशीने रोज सकाळी पाठवलेली गुलाबाची फुलं, सगळं त्या उजेडावर बसून येतं. कारखान्यातून निघाले तेव्हा माझ्या खोक्यावर मोठ्या अक्षरात छापलं होतं, 'दाबू नये. फार वाकवू नये.' ते खोकं वायरमनने गच्चीवर फाडलं आणि त्यावर बसून डबा खाल्ला. माझ्याबद्दलची सगळी माहिती तिथेच संपली.

गच्चीवरून मला भिंतीलगत खाली सोडलं, तिसऱ्या मजल्यापर्यंत. आता भिंतीला भोक पाडायचं आणि मला आत घ्यायचं, एवढंच काम उरलं होतं. वायरमनकडे मशीन होतं, पण त्याची सळई मोडलेली. तो म्हणाला, "तात्पुरती खिडकीतून घेतो. उद्या येऊन भोक पाडतो."

तो उद्या अजून उजाडायचाय. सरकत्या खिडकीच्या खालच्या कोपऱ्यात, पडद्यामागे, मी सहा वर्षं तात्पुरती आहे.

या घरात तिघं राहतात. बाई ऑनलाइन गणित शिकवतात. त्यांचे यजमान नकाशे काढणाऱ्या ऑफिसात आहेत, पट्टी घेतल्याशिवाय ते लिंबूसुद्धा कापत नाहीत. आणि यजमानांचे वडील, अण्णा. अण्णांची खुर्ची खिडकीशी. मागच्या वर्षी ते न्हाणीघरात घसरून पडले, तेव्हापासून त्यांना घरात एकटं ठेवत नाहीत. बाईंनी घरून शिकवायचं काम घेतलं ते त्यांच्यासाठीच.

पहिली काही वर्षं माझं फार कौतुक झालं. वारा खेळावा म्हणून खिडकी कायम उघडी असायची. घरातल्या नेटच्या डब्यावरचा दिवा हिरवागार. पाहुणे आले की यजमान म्हणायचे, "आमचं नेट बघा, लोण्यासारखं चालतं!"

मग खाली ग्रिलवाल्याने दुकान थाटलं. लोखंड कापायचं त्याचं कटर सुरू झालं की अख्ख्या गल्लीच्या दाढा शिवशिवायच्या. बाईंचा तास अकराला. कटरही अकरालाच रंगात यायचं. मग बाई मुलांना म्हणायच्या, "थांबा हं मुलांनो, आवाज येतोय," आणि उठून खिडकी लावायच्या.

खिडकीची कड बरोबर माझ्या मानेवर बसायची. उजेड तिथेच अडायचा. हिरवा दिवा जाऊन लाल लागायचा. पडद्यावर बारा मुलांचे बारा चेहरे गोठायचे, आणि पलीकडे मुलांना बाई गोठलेल्या दिसायच्या, एक डोळा मिटलेला आणि एक हात वर. मुलं त्याची चित्रं काढायची. एकाने तर बाईंच्या वाढदिवसाला तेच चित्र रंगवून पाठवलं.

माझ्या आयुष्यातलं सगळं रहस्य एवढंच आहे, मित्रांनो. खिडकी लावली की नेट जातं, उघडली की येतं. एका दमात सांगून होईल. पण सांगू कशी? अख्ख्या जगाचं बोलणं माझ्यातून जातं, माझं सोडून.

नेट गेलं की बाई मोबाइल घेऊन कंपनीला फोन करायच्या. मोबाइलला रेंज फक्त खिडकीबाहेर, म्हणून आधी खिडकी उघडायच्या. उघडली की मी श्वास घ्यायचे आणि दिवा हिरवा! फोनवरची मुलगी "आपली काय मदत करू शकते" म्हणेपर्यंत नेट आलेलं.

"बघितलंत?" संध्याकाळी घरी आल्यावर हे ऐकून यजमान म्हणायचे. "फोन केला की कसे सुतासारखे सरळ येतात! दम द्यावा लागतो या लोकांना."

त्यांनी एक वहीच केली. नेट कधी जातं त्याची नोंद. सोमवार अकरा दहा, मंगळवार अकरा पाच, गुरुवार अकरा बारा. महिनाभर अभ्यास करून निष्कर्ष काढला, "अगं, हे आपला तास बघून मुद्दाम तोडतात!"

अण्णा खुर्चीतून म्हणाले, "खिडकी लावली की जातं ते. मी रोज बघतो. त्याला हवा लागते."

"अण्णा, इंटरनेट आहे ते. कोंबडी नाही."

"कोंबडीसुद्धा कोंडली की अंडं देत नाही," अण्णा म्हणाले.

बाई इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. मी मात्र आनंदाने थरथरले. कारण चुकलं होतं म्हाताऱ्याचं, पण औषध बरोबर होतं. कुणीतरी उठून एकदा करून बघेल म्हणून मी वाट बघत राहिले. यजमान उठलेसुद्धा! पडदा सारला, माझ्यावरून हात फिरवला. खिडकी तेव्हा उघडी होती. "वायर ठणठणीत आहे," ते म्हणाले. "कंपनीच बदलायला हवी."

मग जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर तक्ता आला. चार कंपन्या, चार रंगांच्या पेन्सिली. वेग किती, तक्रार केली की किती वेळात येतात, शेजारी काय म्हणतात, आणि शेवटचा रकाना 'एकंदर वाटतं कसं'. प्रत्येक रकान्याला दहापैकी गुण. शेजारचे काका म्हणाले हिरवी घ्या, कारण त्यांचा जावई हिरवीत आहे. वरच्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या हिरवी सोडून काहीही घ्या, कारण काकांचा जावई तिथे आहे. निळ्या कंपनीला तक्रारीच्या रकान्यात आठ मिळाले. फोनवर ताटकळत ठेवतात तेव्हा त्यांचं गाणं सगळ्यात गोड, आणि ते तब्बल चाळीस मिनिटं ऐकायला मिळालं होतं.

आधीची लाल कंपनी गेली, निळी आली. बेल वाजली. दारात निळा टी-शर्ट. बाई बघतच राहिल्या.

"अहो, तुम्ही तर लाल कंपनीचे ना?"

"शर्ट कंपनीचा असतो ताई," वायरमन म्हणाला. "पोट माझं असतं."

त्याने नवीन वायर टाकली का? छे. "आहे ती चांगली आहे की," म्हणत गच्चीवर माझं टोक लाल पेटीतून काढून निळ्या पेटीत खोचलं. घरात डबा बदलला. मग एक पाय खिडकीबाहेर टाकून, म्हणजे खिडकी सताड उघडी ठेवून, वेग मोजून दाखवला. काटा असा पळाला की यजमानांनी टाळी दिली.

दुसऱ्या दिवशी अकराला कटर, खिडकी, लाल दिवा.

महिन्याभरात तोच हिरव्या शर्टात आला. माझं टोक हिरव्या पेटीत. तेव्हा ग्रिलवाला आठ दिवस गावी गेला होता. त्या आठ दिवसांत हिरव्या कंपनीचे गुण नऊ झाले. तो परत आला आणि गुण दोनवर उतरले. ग्रिलवाला आणि गुण यांचा काही संबंध असेल, असा रकानाच त्या तक्त्यात नव्हता.

आणि मग मोठ्या सरांचा फोन आला. बाईंच्या शिकवणीचे ते प्रमुख. आवाज शांत, म्हणून जास्तच भीतिदायक.

"मॅडम, पालकांच्या तक्रारी आहेत. बुधवारी मी स्वतः तुमच्या तासाला बसतो. त्या दिवशी खंड पडला तर घरून शिकवणं बंद. तुम्हाला सेंटरवर यावं लागेल."

सेंटर शहराच्या दुसऱ्या टोकाला. जायला दोन तास, यायला दोन. फोन ठेवून बाई अण्णांकडे बघत राहिल्या. अण्णा खिडकीतून खाली वाकून ग्रिलवाल्याला सांगत होते, "अरे ते डावीकडे तिरकं झालंय! डावीकडे! तुझं डावं!"

यजमान हळूच म्हणाले, "माझ्या ताईकडे ठेवू या त्यांना. ती कधीची बोलावतेय."

"ती दुसऱ्या गावात. लिफ्टला घाबरतात ते, आणि ती राहते नवव्या मजल्यावर," बाई म्हणाल्या. "खाली उतरायचेसुद्धा नाहीत. मला बुधवार नीट पार पाडायचाय, बस्स."

तक्ता पुन्हा निघाला. पिवळी कंपनी सगळ्यात महाग, पण एकंदर वाटतं कसं, तर दहापैकी दहा. मंगळवारी वायरमन पिवळ्या शर्टात आला. आता बाईंनी त्याला काही विचारलं नाही, नुसता चहा दिला. माझं टोक पिवळ्या पेटीत गेलं. जाता जाता त्याचं लक्ष माझ्याकडे गेलं. "ही इथे दबत तर नाही ना?" असं पुटपुटला आणि खिडकीला हात घातला. मित्रांनो, माझा काचेचा जीव कंठाशी आला! तेवढ्यात त्याचा फोन वाजला. "आलो, आलो," म्हणत चप्पल घालून गेलासुद्धा.

अण्णांनी मात्र त्यांच्या परीने बंदोबस्त केला. खिडकीतून ग्रिलवाल्याला हाक मारली. "उद्या अकरा ते बारा तुझं ते यंत्र बंद ठेव. सूनबाईंची परीक्षा आहे."

"झालंच समजा अण्णा!" तो खालून ओरडला. माणूस दिलदार. कटर नसलं तरी त्याचा आवाज दोन गल्ल्या ऐकू जायचा.

बुधवार. अकरा. खाली चिडीचूप. सरांना दिसू नये म्हणून अण्णांची खुर्ची त्या दिवशी खिडकीपासून पलीकडच्या भिंतीशी. खिडकी उघडी. दिवा हिरवा. पडद्यावर बारा मुलं आणि कोपऱ्याच्या चौकोनात चष्मा लावलेले मोठे सर. बाई अपूर्णांक शिकवत होत्या, आणि काय शिकवत होत्या! मुलं उत्तरं द्यायला एकमेकांवर पडत होती. सरांनी मान डोलावली. मी माझा सगळा उजेड पणाला लावला होता. अकरा वीस झाले. अकरा पंचवीस.

आणि खालून, तोंडाशी दोन्ही हात धरून, ग्रिलवाला गरजला, "वहिनीऽऽ! आवाज नाही ना येत? नीट चाललंय नाऽऽ?"

सरांच्या भुवया वर गेल्या. मुलं खिदळली. बाई घाबऱ्याघुबऱ्या झाल्या. "एक मिनिट हं सर," म्हणाल्या आणि उठल्या.

मी ओरडले. खरंच ओरडले. पण उजेडाला आवाज नसतो.

"सूनबाई, नको! खिडकी नको!" अण्णा काठी शोधायला लागले. बाईंनी ओठांवर बोट ठेवून त्यांना गप्प केलं, ते सरांना ऐकू जाईल म्हणून. आणि खिडकी लावली. घट्ट, नेहमीपेक्षा घट्ट.

लाल.

बाई डबा हलवत होत्या, बंद-चालू करत होत्या, त्याला थोपटत होत्या. अण्णा काठी टेकत उठले, खुर्चीला धरून वळले, खिडकीच्या पडद्याशी पोचले. सहा पावलं होती, त्यांना चार मिनिटं लागली. खिडकी सरकवली. हिरवा दिवा लागला. पडद्यावर मुलं परत आली.

"मॅम, सर गेले," एक मुलगी म्हणाली. "म्हणाले, बघतो नंतर."

अण्णा खिडकीशी उभे होते. "म्हणत होतो मी," ते म्हणाले. "हवा."

बाईंना रडू आवरत नव्हतं. "अण्णा, प्लीज," एवढंच म्हणाल्या.

पुढचं सांगायला मला जड जातं. पुढच्या महिन्यापासून बाई सेंटरवर जायला लागल्या. त्याच्या आदल्या दिवशी अण्णांची बॅग भरली. जायच्या आधी ते खुर्चीत बसून खाली बघत राहिले. ग्रिलवाला कटर बंद करून रस्त्यावर उभा होता. अण्णा निघेपर्यंत त्याने ते सुरू केलं नाही.

आता दिवसभर घर रिकामं, खिडकी उघडी. दिवा दिवसभर हिरवा. असा वेग या शहरात कुणाकडे नसेल, आणि वापरायला कुणी नाही.

रविवारी संध्याकाळी मात्र अण्णांचा व्हिडिओ कॉल असतो. हा आत्ताच लागलाय. पडद्यावर अण्णा, मागे नवव्या मजल्याचं नुसतं आभाळ.

"जेवलात का अण्णा?"

"जेवलो गं. तू वाळलीस. त्या पठ्ठ्याचं तिरकं ग्रिल सरळ झालं का?"

तेवढ्यात खाली कटर सुरू झालं. रविवारीसुद्धा! बाईंनी कानाशी हात नेला. "थांबा हं अण्णा, काही ऐकू येत नाहीये," म्हणत त्या उठल्या.

अण्णांनी ते तिकडून बघितलं. खुर्चीतून अर्धे उठले. "अगं नको! खिड..."

लाल.

यजमान पडद्याकडे बघून म्हणाले, "पिवळीचंही तेच. पाचवी बघायला हवी." आणि कॅलेंडर शोधायला गेले.

मित्रांनो, नेट गेलं तर कंपनीला शिव्या जरूर द्या, त्यांना सवय असते. पण त्याआधी वायरीवरून एकदा हात फिरवा, बाहेरून आत येते तिथपासून डब्यापर्यंत. आणि घरातलं म्हातारं माणूस काही वेड्यासारखं बोललं तर हसा खुशाल, पण उठून एकदा तसं करूनही बघा. दुसऱ्या कुणाचं नाही तर नाही, या घराचं तरी बघा. खिडकी फक्त बोटभर सरकवायची आहे. कुणीतरी या लवकर, अण्णा अजून पडद्यावर तोंड उघडं ठेवून गोठलेत.