बरणीची परीक्षा

मंगळवार, दिनांक ११ फेब्रुवारी २०२५, सकाळी साडेदहा. चाकण औद्योगिक वसाहत. मोटारींच्या आतल्या भागांना रंग देणाऱ्या एका कारखान्याची चाचणीची खोली.

गणराज हात मांडीवर ठेवून बसला होता. रंगात मिसळायचे एकच पॉलिमर तो तीन वर्षे घडवत होता. एरवी अशा मालातल्या रेणूंच्या साखळ्या वाटेल तशा वाढतात, काही आखूड तर काही लांबलचक. त्याच्या पद्धतीत गंधकाचे एक संयुग प्रत्येक साखळीच्या टोकाला लगामासारखे बसे आणि साऱ्या साखळ्या बरोबरीने वाढत. मात्र त्या गंधकाने माल पिवळा पडे. म्हणून शेवटी अमाइन नावाचे रसायन घालून त्याने ती टोके तोडली. पिवळेपणा गेला. आज माल चाचणीत उतरला तर ठीक, नाहीतर मार्चअखेर त्याच्या प्रयोगशाळेला कुलूप लागणार होते.

"सर, टोकं तोडल्यावर वास सुटतोय. पेरॉक्साइडने धुऊ या का?" असे त्याची सहायक पूनम दोनदा म्हणाली होती.

"यंत्राचा आलेख काय म्हणतो ते सांग. नाकाचं पुराण नको," असे म्हणून त्याने दोन्ही वेळा तिला गप्प केले होते.

दोन वर्षांपूर्वीच्या तापात त्याची वास घेण्याची शक्ती गेली होती. हे त्याने घरी बायकोला, विजयश्रीलाही सांगितले नव्हते. फोडणी करपली तरी तो मुकाट जेवून उठे.

वीस वर्षे इथे वास तपासणारे मोशीचे साहेबराव ऐंशी अंशांवर तापवलेली काचेची बरणी घेऊन आले. आत रंगवलेली पट्टी होती.

"आधी तुमी घ्या, सर. माल तुमचा हाय."

गणराजने झाकण सरकवून नाक खाली नेले. ऊब लागली, बाकी काही नाही.

"वास नाही," तो म्हणाला.

समोर पूनमने ओढणी नाकाला लावली होती. ते त्याने पाहिले, आणि पाहूनही त्याला ना भीती वाटली, ना लाज.

साहेबरावांनी बरणी हुंगली आणि मान झटकन मागे घेतली. "आगं आयाया! सडका कांदा परवडला, राव!"

"सर, तुम्हाला खरंच येत नाही?" पूनमने हळूच विचारले.

"दोन वर्षं झाली," गणराज म्हणाला. कुणी वेळ विचारावी आणि आपण सांगावी, तसा.

साहेबरावांनी झाकण घट्ट लावले, तक्त्यावर सही केली आणि पेन खिशाला अडकवले.

"माल वास मारतोय, सर, आन् तुमाला त्यो येत न्हाई. नापास."