डब्यातलं वारं

गंगी मेली तेव्हा तिला सगळं कळत होतं. हे कोणी बोलत नाही, म्हणून आधीच सांगून टाकलेलं बरं. पापण्या गळाल्या, जीभ लुळी पडली, पाण्याचा घोट नाकातून परत आला, पण आत बाई जागी होती. "मावशी, ऐकू येतंय का?" असं कारखान्यातल्या कविताने विचारलं की ती कविताचं बोट दाबायची. दवाखान्याच्या वाटेवर, जीपमध्येच, ते दाबणं थांबलं.

दवाखान्यात म्हणाले, मण्यार चावली असेल. तिचा दंश दिसत नाही, आणि पापण्या अशाच पडतात. गंगीच्या गावी, वेवजीच्या पाड्यावर, भगत म्हणाला, बाईला वारं लागलं. कारखान्यासाठी जुनी चिंच तोडली, तिच्यावरचं वारं बेघर झालं, ते हिच्यात शिरलं. कंपनीला दोन्ही पटलं. सापावर केस होत नाही, आणि भूत कोणाकडे भरपाई मागायला जात नाही.

कविताला तिसरंच माहीत होतं.

हा कारखाना तलासरीच्या अंगाला, गुजरातची हद्द हाकेवर. डहाणूच्या चिकूचा दुधातला शेक तिथं डब्यात भरतात. गंगी त्या डब्यांना लेबलं चिकटवायची. बंद केलेले डबे लोखंडी पिंजऱ्यात रचायचे आणि पिंजरा रिटॉर्टमध्ये ढकलायचा. रिटॉर्ट म्हणजे खोलीएवढा आडवा कुकर. आत वाफ, आणि त्या वाफेत पिंजरा गरगर फिरतो. उगाच नाही फिरत. डब्यात वर थोडी हवा ठेवलेली असते. डबा उलटा झाला की तो हवेचा बुडबुडा या टोकाकडून त्या टोकाकडे पळतो, शेक ढवळतो, तेव्हा कुठे आच डब्याच्या पोटात पोचते आणि आतले जंतू मरतात. मिनिटाला किती फेरे द्यायचे हे ठरवायचं काम आशागडच्या कविताचं. त्यासाठीच तिला, बीएस्सी झालेलीला, ठेवली होती. म्हणजे कागदावर. खरं ठरवायचे प्लांटचे मोठे साहेब, नविनभाई.

"दहाचे पंधरा केले तेव्हा वेळ वाचला ना?" ते म्हणाले होते. "मग चाळीस करा. सीधो हिसाब छे, बेन."

सीधा हिसाबच वाकडा होता. पाण्याची बादली हात ताणून जोरात गोल फिरवा, पाणी सांडत नाही, बुडाला चिकटून बसतं. चाळीसला शेकचं तेच होतं. बुडबुडा जागच्या जागी गोठतो. पिंजऱ्याच्या कडेचे डबे जास्त जोरात फिरतात, त्यांची पोटं कच्ची राहतात, आणि बंद डब्यात वाचलेला जंतू असं विष करतो की मण्यारीसारख्याच पापण्या पडतात. मधल्यांना काही होत नाही, आणि तपासायला काढतात ते मधलेच. कविता बोलली होती हे. "एक चाचणी घेऊन बघू," नविनभाई म्हणाले. घेतली. ते डबे बाजारात गेले नाहीत, कामगारांना वाटले, माणशी एक. गरिबाच्या पोटात चाचणी फुकट होते.

गंगीच्या वाट्याला कडेचा आला असावा. असावा म्हणायचं, कारण तिच्या घरातला रिकामा डबा भगताने उताऱ्याबरोबर ओढ्यात सोडला. पुरावा वाहून गेला, तोही हळदकुंकू लावून.

तेव्हापासून कविताच्या त्या बोटाला चैन नव्हती. बसच्या दांडीवर, चहाच्या कपावर, कुठेही हात ठेवला की कोणीतरी आतून दाबायचं. रिटॉर्टचं दार बंद झालं की तिला वाटायचं, आत प्रत्येक डब्यात कोणीतरी जागं आहे आणि त्याला बोलता येत नाही.

नविनभाईंनी पूजा घातली. रिटॉर्टला शेंदूर फासला, कोंबडं दिलं, मजुरांना जेवण दिलं. आणि हात पुसता पुसता म्हणाले, "सोमवारपासून चाळीस."

"भाई, गंगीमावशी त्या डब्याने गेली."

"साप, बेन. साप. परत डबा म्हणालीस तर घरी बसायचं."

कविता घरी बसली असती तर त्यांनी दुसरी बीएस्सी आणली असती. अशा मुली स्वस्त मिळतात. मग तिने काय करावं? भर दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, प्रयोगाच्या, पिंजऱ्याएवढ्या चाकाच्या कडेला काचेची बाटली बांधली, अर्ध्याहून जास्त शेकने भरलेली, आणि रिटॉर्ट चालवणाऱ्या झिपरूकाकाला बोलावलं. मोबाईलवर संथ करून व्हिडिओ घेतला. पंधराला बुडबुडा पोरासारखा इकडून तिकडे धावत होता. चाळीसला तो आतल्या बाजूला येऊन थांबला. बाटली फिरत होती आणि तो टक लावून बघत होता.

झिपरूकाकाने डोळे बारीक केले. "वारं बसलंय."

"वारं नाही काका, हवा."

"मंग मी काय बोललो?" म्हातारा हसला नाही. "आता ऐक. तू बोलशील मशीन चुकतं, तर तुला काढतील. मी बोललो तर मलाबी. पण आम्ही बोललो, गंगी आत बसलीय, चाळीसला चिडते, तर कोणाला काढतील? भुताला नोटीस देता येत नाय, पोरी. बोलू का? तू नुसतं हो म्हण."

कविता त्या डोळ्यासारख्या बुडबुड्याकडे बघत राहिली. खरं काय ते तिला माहीत होतं, आणि खऱ्याला या गेटच्या आत कोणी विचारत नव्हतं.

"हो," ती म्हणाली.

सोमवारी काटा चाळीसवर गेला आणि झिपरूकाका मशीनपासून मागे सरला. "गंगी बोलते," एवढंच म्हणाला. पिंजरा ढकलणारा सुकऱ्या तो सोडून उभा राहिला. बायकांनी लेबलं खाली ठेवली. एकीला तर अंगात आलं, घुमायला लागली. ते खरं की नाटक, विचारू नका, तिलाही सांगता आलं नसतं. नविनभाई ओरडले, मग विनवण्या केल्या, मग शेंदूर फासलेल्या दाराकडे बघून त्यांनी स्वतःच्या गळ्यातलं लॉकेट चाचपलं.

"पंधरा," ते म्हणाले. "जावा दो."

जिंकले म्हणायचं.

पण भूत एकदा बसवलं की ते गेटच्या आत राहत नाही, ते कामगारांबरोबर पाड्यावर गेलं. गंगीच्या अंगणातून जाणं लोकांनी सोडलं. तिच्या मुलीच्या, शितलच्या, हातचं पाणी कोणी घेईना. ठरत आलेली सोयरीक मोडली. "हडळीची पोर," शेजारीण तोंडावर म्हणाली, जिच्या बाळंतपणात गंगी रात्ररात्र बसली होती.

एका सकाळी पाळी बदलताना शितल थेट आत शिरली. वॉचमन तिला हात लावायला घाबरला.

"कविताताई, माझी आई साप चावून गेली का वारं लागून?"

"डब्याने गेली," कविता म्हणाली. पहिल्यांदाच कोणाला तरी तोंडावर.

"मग तू सगळ्यांना हे सांग ना! माझ्या आईला हडळ काय म्हणून केली?"

"सांगितलं की भीती जाईल. भीती गेली की परत चाळीस. मग दुसऱ्या कोणाची तरी आई."

शितलने तिला मारलं असतं तर बरं झालं असतं. ती मशीनकडे वळली. रिटॉर्ट चालू होता, गरम दारावर शेंदूर ओघळलेला. तिने पदर सारखा केला आणि माणसाला हाक मारावी तशी हाक मारली.

"आये! चल, घरी चल. बस झालं हितं."

सगळ्यांचे हात थांबले. सुकऱ्याने मान खाली घातली. झिपरूकाका, जो सत्तर वर्षांत कोणापुढे वाकला नव्हता, तो पोरीसमोर हात जोडून उभा राहिला.

"नको नेऊ ग तिला," तो म्हणाला. आता तो नाटक करत नव्हता. "ती हाय म्हणून आम्ही हाव."

बायकाही जवळ आल्या. नुसत्या शितलकडे बघत राहिल्या. कविताही बघत होती, आणि तिला कळलं की तीही मनातल्या मनात हेच म्हणतेय, नको नेऊ.

शितलने एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. ज्यांनी तिच्या हातचं पाणी नाकारलं होतं, तेच होते हे. मग तिने तळहात त्या तापल्या दाराजवळ नेला, टेकवला नाही.

"थांब मग आये," ती म्हणाली, आणि गेटकडे वळली. "मी येते."