सगळ्या बटणांची बोलकी सवय

मी बोलतेय, पण मला शोधत बसू नका. दिसायला मी काहीच नाही. मी एक सवय आहे. कर्जतच्या एका दवाखान्यात नोंदणीची टचस्क्रीन आहे ना, तिच्या बटणांना लागलेली. बोट ठेवलं की बटणाचं नाव मोठ्याने सांगायचं, पुन्हा दाबलं की नोंद. एवढंच माझं काम. आणि बोलायची मला भारी हौस!

जन्म माझा शेलूचा. दवाखान्याची ही स्क्रीन बनवणाऱ्या जागृतीने तिथे घरी बसून, लॅपटॉपवर मला लिहिलं ते दवाखान्यात येणाऱ्या हवाबी चाचींसाठी. चाचींची नजर अधू झालेली. नोंद दुसऱ्याकडून करून घ्यावी लागे, आणि तो भरल्या बाकांसमोर विचारी, "काय होतंय?" चाची लाजून म्हणत, "डोकं दुखतं." खरं दुखणं राहिलं बाजूला, गोळ्या मिळत डोकेदुखीच्या!

जागृतीने आधी मला एकेका बटणाला जोडलं. एक जोडावं तर दुसरं विसरावं. शेवटी कंटाळून तिने सगळ्या बटणांची एकच स्टाइल, म्हणजे दिसण्या-वागण्याचा एकच साचा, केली आणि मला तिच्यात घातलं. गणवेश चढवला की शाळेची शिस्त आलीच, तसं. ज्या बटणाला ती स्टाइल, ते बोलणारच. मी तर हरखून गेले.

पहिल्याच सकाळी साजगावचे नामाकाका आले. नंबर झाला, गाव झालं. मग आली आजारांची बटणं. काकांनी बोट टेकवलं आणि मी खणखणीत ओरडले, "मूळव्याध!"

अख्खा दवाखाना वळला.

"माझं नाय रं, बोट घसरलं!" काका घाम पुसत म्हणाले. लोकांची हसून पुरेवाट. पण मागे उभ्या असलेल्या हवाबी चाची पिशवी उचलून दाराकडे निघाल्या. मला तर रडूच आलं. जिच्यासाठी जन्मले, तिलाच पळवून लावलं की मी!

"बंद कर गं ते बोलणं," सुरभी डॉक्टर म्हणाल्या.

"मग चाचींनी काय करायचं, मॅडम?" जागृती म्हणाली. "आजारांच्या बटणांना वेगळी स्टाइल देते."

पहिल्या स्टाइलवरूनच तिने दुसरी बेतली. सवय तीच, आवाज मात्र कानाला लावायच्या रिसीव्हरमध्ये. मग ती स्वतः जाऊन चाचींना घेऊन आली.

चाचींनी रिसीव्हर कानाला लावून बोट फिरवलं. मी हळूच एकेक आजार सांगत गेले. एका बटणावर त्या थांबल्या.

"कोनाला आयकू जात नाय ना गं?"

"नाही चाची. फक्त तुम्हालाच."

त्यांनी दाबलं. डॉक्टरांच्या खोलीतून बाहेर आल्या तेव्हा चेहरा मोकळा झाला होता. "उगाच डोक्याच्या गोळ्या खाल्ल्या बघ!" म्हणत हसल्या.

आता माझं बरं चाललंय. नवं बटण आलं की त्याला स्टाइल मिळते आणि मी आपोआप तिथे पोचते. स्क्रीन बनवणाऱ्यांनो, एकच मागणं. सवय सगळ्यांना लावा, पण कुठे हळू बोलायचं तेही शिकवा.

चाचींनी कोणतं बटण दाबलं म्हणता? परवा नामाकाकांनीही तेच विचारलं. बोलायची हौस मला अजून तेवढीच आहे हो, पण ते काही मी सांगायची नाही.