व्हॅनचं मागचं तोंड

मी शाळेच्या पांढऱ्या व्हॅनचा सायलेन्सर. पुढच्या दिव्यांना रस्ता दिसतो, मला मात्र गाडी निघून गेल्यावर लोक मागे काय बोलतात ते ऐकू येतं. खरं सांगू? जास्त मजा त्यातच असते.

एका कारखान्यात पत्रा वाकवून, सांधून मला घडवलं आणि या व्हॅनच्या पोटाखाली बसवलं. व्हॅनकाका रोज बारा मुलांची ने-आण करतात. ते गाडीला जपतात, पण काकू त्यांच्याहून जास्त. दर रविवारी झाकणं उघडून सगळं पुसणार त्याच.

माझं काम तसं सोपं. पेट्रोलमध्ये कार्बन आणि हायड्रोजन एकमेकांना धरून बसलेले असतात. इंजिनात ठिणगी पडली की हवेतला ऑक्सिजन दोघांना सोडवून आपल्याकडे ओढतो. हायड्रोजनचं पाणी होतं, कार्बनचा कार्बन डायऑक्साइड. म्हणून सकाळी माझ्या तोंडातून थेंब पडतात. ते पहिल्यांदा पाहिले तेव्हा काकूंनी खाली वाटीच ठेवली.

"अहो, गाडी गळतेय!"

"गळत नाही गं, पाणी आहे ते."

"पाणी? पेट्रोल सोडून पाणी कधीपासून भरायला लागलात?"

काकांनी हसत वाटी उचलली.

दोन महिन्यांपूर्वी गल्लीतला रस्ता खणायला घेतला आणि थोड्याच दिवसांत मी काळाकुट्ट धूर ओकू लागलो. शेजारच्या वहिनी गच्चीवरून ओरडल्या, "भाऊजी, चादरी धुवायच्या मी आणि रंगवायच्या तुम्ही, असं ठरलंय का आपलं?"

धुराच्या तपासणीत आम्ही साफ नापास झालो. मुख्याध्यापिका बाईंनी बजावलं, "सोमवारी प्रमाणपत्र दाखवा, नाहीतर मी दुसरी व्हॅन लावते. पोरांच्या नाकातोंडात हा धूर जाऊ देणार नाही."

बाईंचं चुकलं नव्हतं. ऑक्सिजन कमी पडला की कार्बन अर्धवट जळतो. थोड्याची काजळी होते, थोड्याचा कार्बन मोनॉक्साइड. त्याला ना रंग ना वास, पण रक्तात शिरून तो ऑक्सिजनची जागा बळकावतो. मला सगळं कळत होतं, पण सांगणार कसं? काका आपले पंपवाल्याशी भांडत होते, "भेसळ करता तुम्ही!"

शनिवारी काका-काकू गॅरेजवाल्या ताईंकडे आले. ताईंनी इंजिनाची हवा गाळणाऱ्या एअर फिल्टरचं झाकण उघडलं आणि बघतच राहिल्या. फिल्टरला जाड कापडाचा अंगरखा घातलेला होता. आत अस्तर, वर नाडी, बाजूला चक्क एक बटण.

"हे कोणी शिवलं?"

"मी!" काकू कौतुकाने म्हणाल्या. "बाहेर केवढी धूळ उडतेय! म्हटलं, बिचारीला बाधायला नको."

"काकू, गाडीच्या नाकावर रजई बांधलीत तुम्ही! श्वास कुठून घेणार ती? हवा कमी आणि पेट्रोल तेवढंच, मग धूर नाही तर काय होणार?"

काकूंचा चेहरा पडला. "अहो, म्हणजे तुमचं काम माझ्यामुळे जाणार होतं?"

काका नाडीकडे बघून पोट धरून हसत सुटले. "अगं, मी त्या पंपवाल्याला काय काय बोललो! पण शिलाई झकास आहे हो."

ताईंनी नवा फिल्टर बसवला, प्लग घासून दिले. तपासणीवाल्याने माझ्या तोंडात नळी घातली. काकू पदराचं टोक पिळत उभ्या. यंत्रावर आकडे पळू लागले, मग थांबले.

"पास!"

काकूंनी मला प्रेमाने थोपटलं आणि हात पोळून घेतला. संध्याकाळी वहिनींच्या चादरी त्यांनी स्वतः धुऊन दिल्या, तर काका पंपवाल्याची माफी मागायला गेले.

आता माझा धूर दिसत नाही. पण मी अगदी निर्दोष झालो असं समजू नका. कार्बन डायऑक्साइड माझ्यातून अजूनही निघतो आणि आपली पृथ्वी तापवतो. म्हणून एवढंच मागणं आहे, गाडी उभी असताना इंजिन चालू ठेवू नका. आमचे काका शाळेच्या फाटकाशी पोचले की लगेच किल्ली फिरवतात. घरघर थांबते, आणि बारा पोरांचा दंगा तेव्हा कुठे मला नीट ऐकू येतो.